बावन्न नंबरची कॉपी

मॅडमनी मला कधी नावाने हाक मारली नाही. त्यांच्यासाठी मी बावन्न. बारावी सायन्सला माझा रोल नंबर बावन्न होता, आणि एकदा कोणाचा नंबर त्यांच्या डोक्यात बसला की तो माणूस पुढे डॉक्टर होवो, नगरसेवक होवो, नाहीतर माझ्यासारखा होड्यांवर नावं रंगवणारा होवो, त्याची त्या नंबरातून सुटका नसायची. भाजी घेताघेता भर बाजारात त्या मोठ्याने विचारायच्या, "एकोणीस, मुलीला कितवीत घातलंस?" आणि टाय लावलेला बँकेतला साहेब शाळकरी पोरासारखा हात मागे बांधून उत्तर द्यायचा.

गेल्या वर्षी श्रावणात मॅडम गेल्या. तेव्हापासून त्यांच्याबद्दल लिहायचं मनात आहे. आज मी तैलचित्रं काढतो, त्यावर माझं घर चालतं, ते त्यांच्यामुळे. आणि माझं बारावीचं वर्ष बुडालं तेही त्यांच्यामुळेच. दोन्ही गोष्टी एकाच बाईने केल्या, तेव्हा सांगतानाही दोन्ही सांगायला हव्यात.

तीस वर्षं त्यांनी रत्नागिरीत केमिस्ट्री शिकवली. लग्न केलं नाही. आळीतल्या जांभ्याच्या कौलारू घरात एकट्या राहायच्या. निवृत्त झाल्या तरी घरात पांढरा एप्रन घालून वावरायच्या. डब्यांवर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. 'मीठ' असं लिहून त्याखाली 'सोडियम क्लोराईड'. खाण्याच्या सोड्याच्या डब्यावर त्याचंही शास्त्रीय नाव. एका बरणीवर नुसतं 'लोणचं' लिहिलेलं होतं आणि पुढे प्रश्नचिन्ह. ते शेजारच्या काकूंनी दिलेलं होतं आणि त्यात काय काय घातलंय ते काकू सांगत नव्हत्या. चहा काचेच्या बीकरमध्ये मिळायचा. पहिल्यांदा मी तो हातात घेऊन बराच वेळ नुसता बसलो होतो. त्या म्हणाल्या, "पी. या बीकरमध्ये दुसरं काही कधी घातलेलं नाही. माझ्याकडे नोंद आहे."

बारावीच्या परीक्षेला, फिजिक्सच्या पेपरला आमच्या वर्गावर पर्यवेक्षक म्हणून त्या होत्या. माझ्या कंपासपेटीत एक चिठ्ठी होती. आगपेटीएवढी. तिच्यावर मी दुर्बिणीची आकृती काढली होती, किरणांच्या बाणांसकट. मॅडम बाकाशी आल्या, कंपासपेटी उचलली, झाकण उघडलं. मी उठून काहीतरी सांगायला लागलो. त्या म्हणाल्या, "एक शब्द नको," आणि उत्तरपत्रिका माझ्यासमोरून उचलली. त्या वर्षीचा माझा निकाल रद्द झाला आणि पुढच्या परीक्षेलाही बसता आलं नाही. नंतर बसता आलं असतं, पण मी बसलो नाही.

बाबा भाट्याच्या खाडीवर होड्यांचं सुतारकाम करायचे. ते ओरडले नाहीत, मारलं नाही. आठ दिवस माझ्याशी बोललेच नाहीत. नवव्या दिवशी हातात ब्रश दिला आणि म्हणाले, "अक्षर बरं हाय तुझं. होडीवर काढ." तिथपासून पंधरा-सोळा वर्षं मी मिरकरवाड्याच्या बंदरात होड्यांवर नावं रंगवली. देवांची, पिरांची, मालकांच्या आयांची. तेवढी सगळी वर्षं मॅडम समोरून येताना दिसल्या की मी रस्ता ओलांडायचो.

मग मशीनवर कापलेली चिकटवायची अक्षरं आली. दोन दिवसांचं काम अर्ध्या तासात व्हायला लागलं. माझी कामं सुटत गेली, तसा मी घरांची गेटं, खिडक्यांचे गज, मिळेल ते रंगवायला लागलो. असाच एक दिवस एका ठेकेदाराने पत्ता दिला आणि सांगितलं, हिरवं गेट आहे, रंगवून ये. गेलो, तर दारात एप्रन घालून मॅडम.

परत फिरावंसं वाटलं. पण त्यांनी ओळखल्याचं काही दाखवलं नाही, म्हणून कामाला लागलो. दुपारी गेट पुरं झालं. त्या बाहेर आल्या, वाकून कडा बघितल्या, बिजागरीच्या मागे बोट घालून बघितलं. तिथे कोणी बघत नाही. मी तिथेही रंग लावला होता.

"रेघ सुटलेली नाही कुठे," त्या म्हणाल्या. "हात पूर्वीसारखाच आहे. बावन्न ना तू?"

मी मान हलवली.

"आत ये. एक दाखवायचंय."

पुढच्या खोलीत भिंतीला टेकवून सात चित्रं ओळीने ठेवली होती. सातही एकाच बाईची. निळी ओढणी डोक्यावरून घेतलेली, आत तांबडा अंगरखा, मान जराशी कललेली, एक हात छातीशी. खिडकीपाशी त्याच चित्राची एक मोठी छापील प्रत टाचण्यांनी लावलेली होती. ती येशूच्या आईची, मेरीची तसबीर होती, पाचशे वर्षांपूर्वी इटलीत कोणीतरी रंगवलेली. छापील प्रतीतली बाई इतकी शांत होती की तिच्यासमोर मोठ्याने बोलू नये असं वाटावं. आणि मॅडमच्या सातही बाया तिरळ्या होत्या. एकीचा ओठ सुजल्यासारखा, एकीचा हात म्हणजे पाच भेंड्या. मला हसू आवरलं नाही. ज्या बाईची मी इतकी वर्षं धास्ती घेतली तिच्यासमोर मी तोंड दाबून हसत उभा होतो.

"हस," मॅडम म्हणाल्या. "मीपण हसते. पण हसून झालं की गाल बघ."

मी बघितला. आणि खरं सांगतो, हसणं थांबलं. नाकडोळे वेडेवाकडे असले तरी त्या गालाची कातडी जिवंत होती. आतून उजेड यावा तशी. मी आयुष्यभर ऑइलपेंट वापरला होता, पण माझा रंग म्हणजे पत्र्यावर चढवलेला पत्रा. असं काही रंगातून होतं हे मला ठाऊक नव्हतं.

त्यांनी मग हकिगत सांगितली. निवृत्त झाल्यावर त्या एका यात्रा कंपनीबरोबर युरोपला गेल्या होत्या. इटलीतल्या एका संग्रहालयात सगळ्यांना पाऊण तास दिला होता. मॅडम या चित्रासमोर उभ्या राहिल्या आणि तीन तास हलल्या नाहीत. बस खोळंबली, बरोबरच्या मंडळींनी बडबड केली, टूरवाल्या मुलाच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

"मला देवाधर्माचं काही नव्हतं त्यात," त्या म्हणाल्या. "तो गाल कशाचा केलाय तेच कळेना. मी केमिस्ट्रीची. तेल, माती, धातूचे क्षार यापलीकडे तिथे दुसरं काही असणं शक्य नाही. मग मला कळायला नको?"

तिथून छापील प्रत नळकांड्यात घालून, विमानात मांडीवर घेऊन त्या घरी आल्या. पुस्तकं मागवली आणि कॉपी करायला बसल्या. सात वर्षांत सात कॉप्या.

"तीस वर्षं मी कॉपी पकडली, आता स्वतः करते," असं त्या अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या. हसावं की नाही ते मला कळलं नाही.

मग म्हणाल्या, "मला माहीत आहे, पण येत नाही. तुला येतं, पण माहीत नाही. रविवारी आठ वाजता ये."

मी का गेलो? कामं नव्हती हे खरं. पण तेवढंच नव्हतं. तो गाल माझ्याही डोक्यात राहिला होता.

रविवारी आठ ते अकरा. आठला त्या टेबलावरची पितळी घंटा वाजवायच्या, अकराला पुन्हा. घंटा झाली की "वेळ संपली, ब्रश खाली." मग ब्रशच्या टोकावर रंग असो नाहीतर काही असो. एकदा मी फक्त पापणीची रेघ पुरी करतो म्हणालो, तर त्यांनी माझ्या हातातून ब्रश काढून घेतला. त्यांचा तो उत्तरपत्रिका ओढून घेणारा हात मी लगेच ओळखला.

छापील प्रतीवर चौकोन पाडून मी पहिल्याच दिवशी रेखाटन मोठं करून घेतलं, बोर्ड रंगवणारे करतात तसं. मॅडम मागे उभ्या राहून बघत होत्या. "हं," एवढंच म्हणाल्या. पण रंगाच्या बाबतीत मला काही येत नाही असं मानूनच त्या चालायच्या. पहिला थर हिरवा, असं सांगितल्यावर मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बाईचं अख्खं तोंड हिरवं करायचं. शेवाळासारखं, मातकट. त्यावर गुलाबी, पांढरा, पिवळा असे तेलात पातळ केलेल्या रंगांचे हात एकावर एक. प्रत्येक हात सुकल्यावर पुढचा. "कातडीच्या खाली शिरा असतात ना? वरून दिसत नाहीत, पण नसल्या तर माणूस मेलेला दिसतो," असं त्या म्हणाल्या.

माझ्याने तो गुलाबी जमेना. ट्यूबमधला घेतला की कॅलेंडरातली बाई व्हायची. तेव्हा मॅडम मला मिरकरवाड्याला घेऊन गेल्या. पक्क्या शाकाहारी बाई, नाकाला रुमाल लावून मासळीच्या लिलावात. एका मासेवालीच्या टोपलीसमोर त्या खाली बसल्या, एक पापलेट दोन्ही हातांत उचललं आणि उन्हात धरून उलटसुलट करायला लागल्या.

मासेवाली वैतागली. "ओ मॅडमबाय, घ्यायचा नाय तर हाताळताव कशाला?"

"मासा नको, रंग बघतेय," मॅडम म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "बावन्न, पोटाकडे बघ. करडा आहे, त्यावर हिरवट, त्यावर गुलाबी, त्यावर चंदेरी. एक रंग आहे का हा? चार आहेत. एकातून दुसरा दिसतोय. हा तुझा गाल."

मासेवाली माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "बऱ्या हायत ना या?" मी म्हटलं, बऱ्या आहेत. ते पापलेट मी विकत घेतलं. पुढच्या रविवारी मॅडमनी आधी ते चवीला कसं होतं ते विचारलं आणि मग घंटा वाजवली.

तांबडा अंगरखा बाजारच्या रंगाने करायचा नाही हा त्यांचा हट्ट. चिऱ्याच्या खाणीवरून जांभ्याची बारीक माती पिशवीभर आणली. पाण्यात ढवळायची, जड कण खाली बसले की वरचं तांबडं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं, पुन्हा ढवळायचं. असं सात वेळा. मग सुकवून खलात घोटून अळशीच्या तेलात मळायची. महिनाभर मॅडमच्या पडवीत सगळीकडे तांबडी भांडी. पण जो रंग आला तो विकतच्या कुठल्याच ट्यूबमध्ये नव्हता. जरा मंद, जरा उबदार. "इटलीची बाई रत्नागिरी नेसलीय," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं कवितेच्या जवळ जाणारं एवढं एकच वाक्य.

आळीत बोलणं व्हायचंच. म्हातारपणी बाई किरिस्ताव झाली म्हणे. शेजारच्या काकूंनी एक दिवस कुंपणावरून विचारलंच, "काय हो, तुम्ही खरंच बाटलात का?" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बायोलॉजीचे सर तीस वर्षं बेडूक कापत होते. ते बेडूक झाले का?"

याच काकूंच्या हापूसची एक फांदी आमच्या उत्तरेच्या खिडकीवर आली होती. उजेड अडायचा. मॅडमनी फांदी तोडायची परवानगी मागितली, तर काकूंनी दोन दिवस अन्न गोड लागलं नाही असं सांगितलं. शेवटी तोड निघाली. रविवारी आठ वाजता मी शिडी लावून फांदीला दोरी बांधायची आणि ती बाजूला ओढून खांबाला अडकवायची, अकराला सोडायची. काकू खाली उभ्या राहून ओरडायच्या, "सावकाश रे बाबा, मोहर झडेल!" मॅडम आतून ओरडायच्या, "उजेड येतोय, आणखी थोडी!" मधल्या मध्ये मी.

पावसाळ्यात तर आमचं कामच बंद. कोकणातल्या हवेत जूनपासून तेल सुकत नाही, वर बुरशी धरते. चित्र कपाटात ठेवून आत एक बल्ब पेटता ठेवायचा आणि चार महिने नुसती पेन्सिल. हात काढा, कान काढा, कापडाच्या घड्या काढा. दिवाळी झाली की पुन्हा रंग. एका चित्राला तीन हिवाळे लागणार असं मॅडमनी आधीच सांगितलं होतं. मला ते पटत नव्हतं. बंदरात मी दोन दिवसांत होडी पुरी करायचो.

त्या अधीरपणातच मी जे करू नये ते केलं.

दुसऱ्या वर्षी किनाऱ्याकडे एका माणसाने नवीन हॉटेल काढलं होतं. त्याला भिंतीवर मोठी तैलचित्रं हवी होती. माझं नाव कोणीतरी सुचवलं. तो म्हणाला, पुरं झालेलं एक चित्र आणून दाखव, काम तुझं. माझ्याकडे पुरं झालेलं चित्र नव्हतं. गालाचे अजून चार-पाच हात बाकी होते आणि दोन हातांमध्ये मॅडमच्या हिशेबाने तीन आठवडे. मी घरी दाखवतो म्हणून चित्र घेऊन गेलो. होड्यांच्या रंगात लवकर सुकावा म्हणून घालतात तो ड्रायर तेलात घातला, उरलेले सगळे हात चार दिवसांत चढवले आणि चित्र पत्र्यावर उन्हात ठेवलं. झकास दिसलं. हॉटेलवाल्याने वाहवा केली. आणि महिनाभराने सगळ्या भिंतींवर छापील कागद चिकटवून मोकळा झाला.

पावसाळा तोंडावर होता, चित्र मी गुपचूप नेऊन मॅडमच्या कपाटात ठेवलं. तीन आठवड्यांत बाईच्या गालावर सुरकुत्या आल्या, दुधावरची साय गोळा व्हावी तशा. मग बारीक चिरा.

"दमट हवा, मॅडम," मी म्हणालो.

त्यांनी भिंग घेतलं, गाल बघितला. नाक अगदी जवळ नेऊन वास घेतला. मग एक कोरा कागद घेतला, वर 'निरीक्षण' लिहून खाली चार ओळी लिहिल्या, त्याखाली 'निष्कर्ष' लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"निष्कर्ष तू लिही."

बराच वेळ मी पेन धरून बसलो. बाहेर काकू कोणाला तरी हाका मारत होत्या. शेवटी लिहिलं, 'ड्रायर घातला.'

मॅडमनी वाचलं. "किती?"

"दोन झाकणं."

"दोन!" त्या खरोखर हादरल्या. मी फसवलं यापेक्षा मी दोन झाकणं घातली हे त्यांना जास्त लागलं असावं. "अरे, वरचा थर सुकला, खालचा ओला. खालचा हलणार, वरचा फाटणार. दुसरं काय होईल?"

मी उठलो. म्हटलं, आता येत नाही. चुकलं माझं. तसंही तुमच्या लेखी मी कॉपीवालाच.

"बस," त्या म्हणाल्या. आवाज वर्गातला नव्हता. मी बसलो.

"तुझ्या त्या चिठ्ठीवरची दुर्बीण पुस्तकातल्या दुर्बिणीपेक्षा चांगली होती. बोर्डाला पाठवायच्या आधी मी ती दोनदा पाहिली. पाठवणं भाग होतं, पाठवली. आजही पाठवीन." मग म्हणाल्या, "पण तू उठून काहीतरी सांगत होतास. मी ऐकून घेतलं नाही. काय सांगत होतास?"

सोळा-सतरा वर्षांत हे मला कोणीच विचारलं नव्हतं. बाबांनीही नाही.

"चिठ्ठी उघडली नव्हती असं सांगत होतो," मी म्हणालो. "उघडायची गरजच पडली नाही. आकृती लहान करून काढायला मला दोन रात्री लागल्या होत्या. तेवढ्यात ती पाठ झाली. पेपरात मी ती आठवूनच काढली होती. चिठ्ठी नुसती होती, भीतीपोटी."

मॅडम हातातल्या भिंगाची मूठ चोळत राहिल्या. त्यांनी माफी मागितली नाही. मागतील असं मला वाटलंही नव्हतं. त्यांनी ड्रॉवरमधून ब्लेड काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"या वेळी पेपर काढून घेत नाही. गाल खरवड. हिरव्यापर्यंत जा. मी इथे बसते."

दोन वर्षांचं काम मी खरवडलं. पाती आडवी धरून, हळूहळू. गुलाबी भुगा मांडीवर पडत होता. डोळ्यांसमोर मधूनमधून धुकं यायचं, मग मी थांबायचो. मॅडम शेजारच्या स्टुलावर ताठ बसून होत्या. अकराची घंटा त्यांनी वाजवली नाही. एक वाजला तेव्हा त्या आत गेल्या आणि पिठलंभात घेऊन आल्या. त्यांच्या घरी मी पहिल्यांदा जेवलो तो त्या दिवशी.

त्या दिवसानंतर मी घाई केली नाही. कुठल्याच कामात नाही. आज लोक माझ्याकडे आईवडिलांची चित्रं करून मागतात आणि विचारतात, इतके महिने का? मी सांगतो, सुकायला लागतात. वेळ त्याचा त्याला द्यावा लागतो, आणि देता येतो, हे मला कोणीतरी शेजारी बसून शिकवलं म्हणून माहीत आहे.

तिसऱ्या हिवाळ्यात, शिमग्याच्या आसपास गाल पुरा झाला. मॅडमनी भिंग घेऊन अर्धा तास तो बघितला. मला वाटलं आता चुका निघणार.

"यात काय काय आहे ते सगळं मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "माती, तेल, पांढरा, किती हात, किती दिवस. तरीही कळत नाही रे." आणि लहान मुलीसारख्या हसल्या. मग लगेच, "चल, ओढणी घे."

ओढणीवरून मात्र आमचं भांडण झालं. मॅडमना निळा पुरेना. मी छापील प्रतीकडे बघून रंग लावायचो, त्या म्हणायच्या, फिका आहे. आणखी लावला, तरी फिका. मी म्हणालो, प्रतीत एवढा नाही, मॅडम. त्या म्हणाल्या, "प्रतीला विचारू नकोस. मी खरं चित्र पाहिलंय." पुढच्या रविवारी पुन्हा म्हणालो, हा निळा ओरडतोय. त्यांनी पुन्हा तेच उत्तर दिलं. मी मुकाट्याने निळा चढवत गेलो. ओढणी झाली, आणि मला तिच्याकडे बघवेना.

त्याच उन्हाळ्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आधी एका डोळ्याचं, महिन्याने दुसऱ्याचं. तेवढे दिवस रविवार बंद होते. मग निरोप आला, ये. मी गेलो, फांदी बांधली, आत आलो. मॅडम काळा चष्मा लावून दारात उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघतच राहिल्या.

"अरे बावन्न, तुझे केस पिकले!"

"चार वर्षं झाली, मॅडम."

"कोणी सांगितलं नाही मला," त्या म्हणाल्या आणि चित्रासमोर गेल्या. मी मागे उभा राहिलो.

"हा निळा कोणी लावला?"

"मी."

"लाव म्हणून कोणी सांगितलं?"

मी ओढणीकडे बघत राहिलो.

"मी सांगितलं." त्या आणखी जवळ गेल्या. "ही ओढणी आहे का ताडपत्री? पावसाळ्यात काकूंच्या गोठ्यावर घालतात ती! तू बोलला का नाहीस?"

"बोललो होतो. दोनदा."

"आणि मी?"

"तुम्ही म्हणालात, मी खरं चित्र पाहिलंय."

त्या स्टुलावर बसल्या. मला वाटलं वाईट वाटलं असेल. पण त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग त्या मोठ्याने हसल्या. डोळ्यांना पाणी चालत नाही असं डॉक्टरांनी बजावलं असणार, तरी पुसत पुसत हसल्या. "पिवळी काच निळा खाऊन टाकते, हे शेंबडं पोरही सांगेल. माझ्या डोळ्यांतली काच पिवळी झाली होती, बावन्न! मी जगाला फिका म्हणत होते. उपकरण न तपासता निष्कर्ष लिहिला. मीच!" एवढ्या आनंदाने स्वतःची चूक सांगणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

हसणं थांबल्यावर म्हणाल्या, "आता ओढणी तुझ्या डोळ्यांनी कर. मी पडवीत बसते. इथे बसले तर बोलेन."

आणि खरंच खुर्ची उचलून पडवीत गेल्या, दाराकडे पाठ करून बसल्या. मी निळा खरवडला नाही. होडीवरच्या अक्षरांना सावली द्यायची आमची एक रीत असते, ती वापरली. जांभ्याचा तांबडा घेतला, त्यात चिमूटभर काळा, भरपूर तेलात पातळ केला आणि अख्ख्या ओढणीवर फिरवला. मग फडकं घेऊन पुसून काढला. उंचवट्यावरचा निघून गेला, घड्यांच्या खोलात राहिला. निळा खाली बसला. ओढणी एकदम जड झाली, कापडासारखी लोंबायला लागली. दोन तासांत दोन वेळा मी पडवीत डोकावलो. मॅडम आंब्याच्या झाडाकडे बघत बसल्या होत्या, आणि एकदाही वळल्या नाहीत.

"मॅडम, या."

त्या आल्या. भिंग घेतलं नाही. हात एप्रनच्या खिशात घालून दहा मिनिटं उभ्या राहिल्या. मग छापील प्रत बघितली, परत चित्र बघितलं.

"हे कुठल्याच पुस्तकात नाही," त्या म्हणाल्या. "कुठे शिकलास?"

"बंदरात. बाबांनी दाखवलं होतं."

त्यांनी ड्रॉवरमधून वही काढली, कोरं पान उघडलं, पेनाचं टोपण काढलं आणि टेबलाशी बसल्या.

"सांग. सुरुवातीपासून. हळू सांग, मी लिहून घेते."

मी सांगायला लागलो. जांभा किती, काळा किती, तेल किती. त्या मान खाली घालून लिहीत होत्या, मधूनच हात वर करून मला थांबवत होत्या. मग लगेच पुसून काढायचं, मी म्हणालो, फडक्याने.

"फडकं कसलं?"

"माझ्या जुन्या बनियनचं."

"सुती?"

"सुती."

मॅडमनी ठळक अक्षरात लिहिलं, 'सुती', आणि त्याखाली रेघ मारली.